नावकाटा

डुलूथला एप्रिल उजाडला तरी सरोवरातला बर्फ रात्रभर कडकडतो,
आणि हार्डवेअरच्या दुकानाखाली, तळघरात,
रंगाच्या डब्यांमध्ये मांडलेल्या टेबलावर
आमचं जहाज गेले तीन गुरुवार धुक्यात उभं आहे.

खेळ व्हर्ना चालवते.
तीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवली तिनं,
त्यामुळे तिच्या समुद्रात उगीच कुणी वाचत नाही.
पहिल्याच रात्री तिनं तांब्याची एक वाटी दिली:
आत बोटभर पाणी,
पाण्यावर स्टर्जन माशाचा काटा.
म्हणाली, हा उत्तर दाखवत नाही.
उत्तरेला काय आहे? बर्फ. तो तुम्हाला खिडकीतूनही दिसतो.
हा वळतो त्याच्याकडे,
ज्यानं शेवटचं तुझं नाव घेतलं.
मोठ्यानं.
मनातल्या मनात चालत नाही.

मी कप्तान ब्रोडा. दाढीत मीठ, एक डोळा गहाण.
पाओ चेटकीण इल्वे; दिवसा शाळेची बस चालवते.
कुणीतरी मागे राहायला हवं होतं,
किनाऱ्यावर बसून रोज आमची नावं घ्यायला,
म्हणजे परतीची वाट शाबूत राहील.
ऑरिन म्हणाला, मी राहतो.

आणि राहिला की. अकरा महिने.
आम्ही राक्षस मारले, बेटं लुटली,
पाओनं एका ड्रॅगनशी ठरलेलं लग्न मोडलं,
तेही जेवणावळीच्या दिवशी.
ऑरिन टेबलाच्या टोकाला शेंगा सोलत बसायचा,
पाळी आली की म्हणायचा:
दिवा लावतो. ब्रोडा. इल्वे. ब्रोडा.
बस्स. फासा कधी मागितला नाही.
टरफलं खिशात भरून घरी न्यायचा.

आम्ही हसलो. कुठल्या रात्री ते आठवत नाही,
चेष्टा होती, मग जरा जास्त झाली.
मीच म्हणालो, याच्या जागी पोपट ठेवला तरी चालेल.
तो आमची नावं घेत होता
आणि आम्ही त्याला नावं ठेवत होतो.

पुढच्या गुरुवारी खुर्ची रिकामी.
वाटीत काटा गोल गोल.

वीस बाजूंचा फासा टाकला. एकोणीस.
व्हर्ना म्हणाली, दान चांगलं आहे. उपयोग नाही.
पाओनं माझं नाव घेतलं; माझा काटा पाओकडे,
जी माझ्या शेजारीच उभी, तितकीच हरवलेली.
मी तिचं घेतलं; तिचा माझ्याकडे.
असे आम्ही एकमेकांना वाट दाखवत राहिलो
एकाच फळीवर.
नाव बुडायला
भोकच पडावं लागतं असं नाही.

आज व्हर्ना उशिरा आली. बुटांवरचा बर्फ झटकला,
पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसली, चष्मा पुसला.
म्हणाली, काटा थांबलाय.
कुठे?
दक्षिणेला. थरथरतोय जरा.

नकाशात दक्षिणेला काहीच नाही, निळा रंगसुद्धा संपलेला.
डुलूथच्या दक्षिणेला मात्र पूल आहे,
आणि पुलापलीकडे ऑरिनचं घर.

व्हर्नानं मान वर केली नाही.
आमिषाच्या दुकानात भेटला, म्हणाली. विचारत होता,
तो गाढव ब्रोडा अजून बुडाला नाही का?

शिवी देतानाही नाव घ्यावं लागतं.
नियम फक्त मोठ्यानं एवढाच होता,
प्रेमानं असं कुणीच लिहिलं नव्हतं.

पाओनं शीड ओढलं.
पुढे खडक असतील, किंवा बंद दार.
मी फासा ठेवून दिला, कोटात किल्ल्या चाचपल्या,
विचारलं, या वेळेला शेंगदाणे कुठे मिळतील?

सोललेले नकोत, व्हर्ना म्हणाली.
टरफलांसकट बघ.